कोणता दिवा बदलावा, कोणता राहू द्यावा?

देवघरात अहोरात्र लागलेला तो लाल झिरोचा बल्ब आठवतोय? अजूनही कित्येक घरांत तो आहे. झिरोचा म्हणजे वीज खात नाही, असा आपला पिढीजात समज. प्रत्यक्षात हा बल्ब १२ ते १५ वॅटचा असतो! जुन्या चकतीच्या मीटरला एवढा बारीकसा भार धड जाणवायचा नाही, म्हणून त्याची वीज शून्य धरली जायची. आताचे इलेक्ट्रॉनिक मीटर कशालाच सूट देत नाहीत. १५ वॅटचा बल्ब चोवीस तास चालू राहिला तर वर्षाला १३१ युनिटं होतात. त्याच जागी अर्ध्या वॅटचा एलईडी लावा, वर्षभराची साडेचार युनिटंही होणार नाहीत.

आणि खरी गंमत पुढेच आहे. अख्खी खोली उजळून टाकणारा आजचा ९ वॅटचा एलईडी त्या मिणमिणत्या झिरोपेक्षा कमी वीज घेतो.

मग वीज वाचवणारे दिवे, सेन्सर, स्मार्ट बल्ब हे सगळं घराला आणि दुकानाला परवडतं का? परवडतं, पण सगळीकडे सारखं नाही. दिवा रोज किती तास चालू असतो, यावर सगळा खेळ आहे. हे एकदा लक्षात आलं की दुकानदाराने काहीही सांगितलं तरी आपला हिशेब चुकत नाही.

उजेड कमी, ऊबच जास्त

जुना पिवळा बल्ब म्हणजे खरं तर शेगडीच. तार तापून पांढरीफटक होते आणि त्या धगीतला थोडासा भाग उजेड म्हणून आपल्याला मिळतो. १०० रुपयांची वीज घातली तर उजेड जेमतेम पाचेक रुपयांचा, बाकी सगळी उष्णता. म्हणून तर चालू बल्बला हात लावला की चटका बसतो.

पोल्ट्रीवाले या दोषाचाच उपयोग करून घेतात. एक दिवसाच्या पिल्लांना ऊब लागते, म्हणून ब्रूडरमध्ये पिवळे बल्ब टांगलेले असतात. तिथे एलईडी लावून काही साधणार नाही, पिल्लं गारठतील. त्याच पोल्ट्रीत पलीकडच्या शेडमध्ये अंड्यावरच्या कोंबड्यांना मात्र दिवसाचे सुमारे १६ तास उजेड द्यावा लागतो. तिथे ऊब नको असते, फक्त उजेड हवा असतो, तोही रोज कित्येक तास. तिथे एलईडीचे पैसे भराभर वसूल होतात. एकाच मालकाच्या दोन शेड, आणि दोन्हींची उत्तरं वेगळी!

साधी मेणबत्ती साधारण १२ ल्यूमेन उजेड देते. ९ वॅटचा चांगला एलईडी ९०० ल्यूमेनच्या आसपास देतो, म्हणजे सत्तरेक मेणबत्त्या. तेव्हा खोक्यावर वॅट किती हे बघून थांबू नका, ल्यूमेनचा आकडा शोधा. वॅट म्हणजे दिवा खातो किती आणि ल्यूमेन म्हणजे देतो किती.

निळ्या रंगाने तीस वर्षं रखडवलं

लाल एलईडी निक होलोन्याक यांनी १९६२ मध्येच बनवला होता. रेडिओवरचे, टेपरेकॉर्डरवरचे लाल ठिपके आपण वर्षानुवर्षं पाहिले. हिरवाही आला. अडलं ते निळ्यापाशी. निळा मिळाल्याशिवाय पांढरा उजेड मिळणं अवघड आणि निळा काही केल्या धड बनेना. अखेर इसामू अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा या तिघांना नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तो साधला. २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं ते याचसाठी.

घरात एखादा एलईडी बल्ब गेला असेल तर फेकण्याआधी, होल्डरमधून काढून, त्याची पांढरी टोपी उघडून पाहा. आत एक पातळ धातूची चकती दिसेल. तिच्यावर गोलाकार मांडलेले हरभऱ्याच्या डाळीएवढे पिवळे चौकोन असतात. प्रत्येक चौकोनाखाली निळा एलईडी आहे आणि वरचा पिवळा लेप त्या निळ्याचं पांढरं करतो. आता नीट निरखा. बहुतेक वेळा एखाद्या चौकोनावर मोहरीएवढा काळा डाग सापडेल. तेवढाच एक जळालेला असतो, पण सगळे माळेसारखे एकामागे एक जोडलेले असल्याने एक गेला की अख्खा बल्ब बंद पडतो. काळा डाग नसेल तर दोष आतल्या ड्रायव्हरचा, म्हणजे मागच्या इवल्याशा सर्किटचा.

काजव्यानेही या कामात हातभार लावलाय बरं का! पनामामधल्या एका काजव्याच्या पोटावरचे खवले पाहून संशोधकांनी एलईडीवर तसाच पायऱ्यापायऱ्यांचा थर दिला. त्यातून बाहेर पडणारा उजेड ५५ टक्क्यांपर्यंत वाढल्याचं त्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलं.

३१० वरून ३८!

एलईडी आपल्याकडे घराघरांत गेला तो स्वस्त झाला म्हणून. सरकारी कंपनी ईईएसएलने २०१४ च्या सुरुवातीला एलईडी बल्ब घाऊक भावात घेतले तेव्हा एकाला सुमारे ३१० रुपये पडत होते. २०१६ मध्ये तोच भाव ३८ रुपयांवर आला. ५ जानेवारी २०१५ ला सुरू झालेल्या 'उजाला' योजनेतून ३६ कोटींहून जास्त बल्ब वाटले गेले. मागणी एकदम आणि प्रचंड नोंदवली की कारखानदार भाव किती खाली आणू शकतात, याचं इतकं ठळक उदाहरण आपल्याकडे दुसरं सहज सापडत नाही. याआधी, २००९ मध्ये 'बचत लॅम्प योजने'त सीएफएल १५ रुपयांत देऊ केले होते, पण एलईडी आले आणि सीएफएलचा जमाना बघता बघता संपला.

चला, पाटी-पेन्सिल घेऊ

युनिटचा भाव १० रुपये धरू. आकडेमोड सोपी जाते आणि सगळे आकार मिळून बऱ्याच घरांना तो त्याच्या आसपासच पडतो. ६० वॅटचा बल्ब काढून ९ वॅटचा एलईडी लावला तर ५१ वॅट वाचतात. रोज पाच तास चालणारा दिवा असेल तर वर्षाला ९३ युनिटं, म्हणजे ९३० रुपये. बल्ब १०० रुपयांचा. चाळीस दिवसांत पैसे वसूल!

तोच बल्ब माळ्यावर लावा. तिथे दिवा रोजचा सरासरी पाव तास लागतो. वर्षाची बचत साडेचार युनिटं, म्हणजे ४५ रुपये. पैसे फिटायला दोन वर्षांवर जातील. नुकसान नाही, पण घाईही नाही. तिथला जुना बल्ब जाईपर्यंत राहू द्या.

सीएफएलचंही असंच. १४ वॅटचा चालता सीएफएल काढून ९ वॅटचा एलईडी लावला तर वाचतात फक्त पाच वॅट. पाच तासांच्या हिशेबाने वर्षाला ९० रुपये. तेव्हा चांगला चालणारा सीएफएल उगाच काढू नये. त्याच्यात थोडा पारा असतो. तो फुटला तर खिडक्या उघडा, थोडा वेळ खोलीबाहेर थांबा, नंतर जाड कागदाने तुकडे गोळा करा. उघड्या हाताने उचलू नका आणि व्हॅक्यूम क्लीनरही फिरवू नका.

आता एक गोष्ट जी फारसं कुणी सांगत नाही. महावितरणच्या घरगुती बिलात १०० युनिटांपर्यंत एक दर, १०१ ते ३०० ला दुसरा, पुढे आणखी चढा. पहिल्या टप्प्यातून दुसऱ्यात गेलं की दर जवळपास दुप्पट होतो. आपण जी युनिटं वाचवतो ती नेहमी वरच्या टोकाची वाचतात. महिन्याला १३० युनिटं जळणाऱ्या घराने ३० वाचवली तर ती सगळी महागड्या टप्प्यातली असतात. म्हणून सरासरी दराने काढलेली बचत प्रत्यक्षापेक्षा कमीच भरते. लाइटबिल आलं की फक्त खालची रक्कम बघून ते पिनेला अडकवू नका. आपण कुठल्या टप्प्यात आहोत ते बघा, कारण सगळी मेख तिथेच आहे.

आणि खरं सांगायचं तर, घरातले सगळे दिवे एलईडी झाले की दिव्यांत वाचवण्यासारखं फार उरत नाही. २००० वॅटचा गिझर अर्धा तास चालला की एक युनिट होतं. तेवढ्या विजेवर ९ वॅटचा एलईडी १११ तास चालतो! त्यापुढची बचत पंख्यात आहे. जुना पंखा ७५ वॅटच्या आसपास घेतो, बीएलडीसी पंखा ३० च्या आसपास. पंधरा तास चालणाऱ्या पंख्यामागे वर्षाला सुमारे २४५ युनिटं वाचतात.

गल्ल्यावर बसणाऱ्यांसाठी

घरापेक्षा दुकानाला आणि कारखान्याला एलईडी जास्त परवडतो. एक तर दिवे दिवसभर चालू असतात, शिवाय दुकानाचा वीजदर बऱ्याचदा घरापेक्षा चढा.

जुन्या ४० वॅटच्या ट्यूबच्या पट्टीत तांब्याचा चोक असतो. तो स्वतःच १२ ते १५ वॅट खातो आणि उजेड काडीचाही देत नाही. म्हणजे ट्यूब ४० ची, पण मीटरवर पडतात ५२ ते ५५. त्या जागी २० वॅटची एलईडी पट्टी लावली, दहा ट्यूबचं दुकान रोज बारा तास उघडं असलं, तर दिवसाला चार युनिटं वाचतात. रात्रंदिवस पाळ्या चालणाऱ्या मागाच्या शेडमध्ये ही बचत जवळजवळ दुप्पट होईल.

सराफाच्या दुकानात तर दुहेरी फायदा. सोनं चमकावं म्हणून ५० वॅटचे हॅलोजन वीस-वीस लावलेले असतात. ते खोली तापवतात आणि एसी ती थंड करत बसतो. तीन वॅट उष्णता बाहेर काढायला एसीला साधारण एक वॅट लागतो. वीस हॅलोजन काढून ७ वॅटचे एलईडी बसवले तर ८६० वॅट दिव्यांतले आणि वर पावणेतीनशेच्या घरात एसीतले वाचतात.

कापडवाल्यांनी मात्र नुसता वॅट बघून खरेदी करू नये. साडी घेताना बायका ती दुकानाच्या दारात नेऊन पाहतात, कारण आतल्या उजेडावर त्यांचा विश्वास नसतो आणि तो नसतो ते योग्यच आहे. स्वस्त एलईडीत लाल रंग मरतो. मोरपंखी आणि राणी रंग भलतेच दिसतात. खोक्यावर सीआरआय नावाचा आकडा असतो, रंग किती खरे दिसतील ते तो सांगतो. घराला ८० पुरे. साड्या, रंग, दागिने, भाजी, मिठाई विकणाऱ्यांनी ९० च्या वरचा घ्यावा. चार पैसे जास्त पडतील, पण गिऱ्हाईक साडी घेऊन दाराशी जायचं थांबेल.

लेथवर काम करणाऱ्यांना एक जुनी धोक्याची गोष्ट ठाऊक असते. तांब्याच्या चोकवरची ट्यूब सेकंदाला शंभर वेळा फडफडते. आपल्या डोळ्याला ते कळत नाही, पण ठरावीक वेगाने फिरणारा चक त्या उजेडात थांबल्यासारखा दिसू शकतो, आणि मग हात पुढे जातो. चांगल्या एलईडीत ही फडफड नसते, हलक्यात असते. तपासायची युक्ती अगदी सोपी आहे. मोबाइलचा कॅमेरा दिव्यासमोर धरा. पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसले तर तो दिवा यंत्राजवळ लावू नका, आणि मुलांच्या अभ्यासाच्या टेबलावर तर नकोच.

शेतातही दिवे आलेत. सांगली-सोलापूरकडचे काही शेतकरी ड्रॅगन फ्रूटच्या बागेत रात्री एलईडी लावतात. या झाडाला दिवस मोठा झाल्याचं वाटलं की ते फुलतं, म्हणून हिवाळ्यातही फळ मिळतं आणि भाव चांगला येतो. जुन्या बल्बांवर एवढी बाग उजळायची म्हटलं असतं तर बिलातच फळ विकलं गेलं असतं.

सेन्सर घ्यायचा का?

सोसायटीच्या जिन्यात, पार्किंगमध्ये, सामाईक पॅसेजमध्ये जरूर घ्या. तिथला ९ वॅटचा दिवा संध्याकाळपासून उजाडेपर्यंत बारा तास चालला तर वर्षाला ३९ युनिटं. माणसाच्या चाहुलीने लागणारा दिवा रात्रीत एकूण दोन तास लागला तर साडेसहा युनिटं. मजले जास्त असतील तर सोसायटीच्या बिलात फरक डोळ्यांना दिसतो. शिवाय सकाळी दहा वाजले तरी जिन्यातला दिवा चालूच आहे, हे रोजचं दुखणं जातं.

स्वतःच्या न्हाणीघरात सेन्सर लावून मात्र काही साधत नाही. तिथे बटण बंद करायची सवय पुरे. मोबाइलवरून लागणारे स्मार्ट बल्ब हौसेला छान आहेत, आजारी किंवा वृद्ध माणसाला अंथरुणातून दिवा लावता येतो हा त्यांचा मोठा गुण. पण बचतीसाठी ते घेऊ नका. बंद असतानाही ते वायफायशी बोलत राहतात आणि थोडी थोडी वीज घेतात.

त्या डबीला हात लावू नका

हे जरा कळकळीने सांगतो. सॉकेटमध्ये खोचायची एक छोटी डबी मिळते, 'लाइटबिल ३० ते ४० टक्के कमी' असं सांगून विकतात. आत एक कॅपॅसिटर आणि एक हिरवा दिवा, बाकी काही नाही. कॅपॅसिटरने पॉवर फॅक्टर सुधारतो हे खरं आहे. पण घरगुती बिल पॉवर फॅक्टरवर नसतंच, ते किलोवॅट-तासांवर, म्हणजे प्रत्यक्ष वापरलेल्या युनिटांवर असतं. त्यामुळे घरच्या बिलात एक पैसाही कमी होत नाही. उच्चदाबाच्या मोठ्या कारखान्यांचं बिल वेगळ्या मापाने येतं, तिथे कॅपॅसिटरला खरंच अर्थ आहे, पण तो भाराचा अभ्यास करून, मोठ्या पॅनेलमध्ये बसवतात. पाचशे रुपयांच्या डबीचं ते काम नव्हे. घरात कुणी घेत असेल तर थांबवा.

जास्त टिकतो तोच चांगला?

अमेरिकेत लिव्हरमोर गावच्या अग्निशमन केंद्रात एक बल्ब १९०१ पासून लागलेला आहे. पण आज तो चार वॅटचा, नाइटलँपएवढा उजेड देतो. तार कमी तापवली की बल्ब खूप टिकतो, फक्त उजेड जातो. उलट बाजूची गोष्ट १९२४ ची. जगातल्या मोठ्या बल्ब कंपन्यांनी जिनिव्हात 'फीबस' नावाचा गट केला आणि बल्ब १,००० तासांपेक्षा जास्त टिकू द्यायचा नाही असं ठरवलं. जास्त टिकणारा बल्ब बनवणाऱ्या सभासदाला दंड होता!

एलईडीच्या खोक्यावर १५,०००, २५,००० तास लिहिलेलं असतं. एलईडी तेवढा टिकतोही, आधी जातो तो ड्रायव्हर. त्यातला कॅपॅसिटर उष्णतेला भारी हळवा. तापमान दहा अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य निम्म्यावर येतं. म्हणून सगळीकडून बंद काचेच्या हंडीत साधा एलईडी लावला की तो वर्षभरात जातो आणि आपण कंपनीला बोल लावतो. मोकळी हवा लागेल असा लावा, तो टिकेल.

गावाकडे मात्र एलईडीने खरा दिलासा दिला. संध्याकाळी व्होल्टेज पडलं की जुनी ट्यूब नुसती फकफकायची, स्टार्टर हलवत बसावं लागायचं. चांगला एलईडी कमी व्होल्टेजलाही निमूट चालतो, आणि इन्व्हर्टरवर लाइट गेल्यानंतरचे तास कितीतरी वाढवतो.

बटण बंद करूनही एलईडी मंद मंद लुकलुकत असेल तर बटणातल्या छोट्या लाल दिव्यामुळे तसं होऊ शकतं. पण कधी कधी वायरमनने बटण फेजऐवजी न्यूट्रलवर घेतलेलं असतं. तसं असेल तर होल्डरमध्ये बटण बंद असतानाही करंट असतो. ते लगेच दुरुस्त करून घ्या.

स्वस्त उजेड, जास्त उजेड

२०१५ मध्ये मरीन ड्राइव्हचे, म्हणजे 'राणीच्या कंठहारा'चे, पिवळे सोडियमचे दिवे काढून पांढरे एलईडी लावले तेव्हा मुंबईकर हळहळले. राणीच्या कंठहाराचा सोनेरी रंगच गेला! ओरड झाली, आणि पुढे पिवळा प्रकाश परत आला. एलईडी पिवळाही मिळतो, तो निवडायचा असतो एवढंच. खोक्यावरचा केल्विनचा आकडा जितका कमी तितका उजेड पिवळा. झोपायच्या खोलीत २७०० ते ३००० केल्विनचा, अभ्यासाला ४००० चा. सरसकट ६५०० चा पांढराफेक लावायची आपली सवय ट्यूबलाइटने लावलेली आहे.

बर्फाळ अमेरिकन राज्यांत तर वेगळीच पंचाईत झाली. एलईडी सिग्नल इतके थंड, की त्यांच्यावर साचलेला बर्फ वितळेना आणि चालकांना लाल-हिरवा दिसेना. जुने बल्ब तो बर्फ स्वतःच वितळवायचे.

पण मला काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. दिवा स्वस्त झाला की माणूस जास्त दिवे लावतो. उपग्रहांच्या चित्रांवरून काढलेल्या एका अभ्यासात, २०१२ ते २०१६ या काळात रात्री उजळलेला पृथ्वीचा भाग वर्षाला सुमारे दोन टक्क्यांनी वाढताना दिसला. बंगल्याच्या कुंपणावर रात्रभर दहा फ्लडलाइट लावून एलईडीची बचत होत नाही. उलट उदाहरण आपल्याच विदर्भात आहे. पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' हा मान मिळाला. त्यासाठी आसपासच्या गावांतले शंभरावर पथदिवे बदलून जमिनीकडे तोंड असलेले लावले. गावाला उजेड आहे, आणि आकाशात तारेही आहेत.

तेव्हा एवढं करा. आज रात्री घरात, दुकानात एक फेरी मारा आणि रोज चार तासांपेक्षा जास्त चालणारे पिवळे बल्ब आणि चोकवाल्या ट्यूब तेवढ्या कागदावर लिहून घ्या. देवघरातला झिरोही विसरू नका. तेच दिवे आधी बदला. घेताना ल्यूमेन, सीआरआय आणि बीआयएसचं चिन्ह पाहा, पक्कं बिल घ्या आणि वॉरंटी संपेपर्यंत जपून ठेवा, कारण दोन वर्षांच्या वॉरंटीत गेलेला बल्ब बदलून मिळतो.